शरीफुन्निसाचं इंग्रजी

११ जानेवारी १९८२, सोमवार

इथं बहरीनमध्ये, अरादला हमीदाच्या घरी आजपासून इंग्रजीचा वर्ग. फुकट. हे म्हणाले, "फुकट शिकवतेस म्हणून कुणी शिकेलच असं नाही." बऱ्याच जणी यायच्या होत्या, दोघी आल्या. एक हमीदा — घर तिचंच, जाणार कुठे! दुसरी तिची शेजारीण शरीफुन्निसा. दोघी रत्नागिरीकडच्या. शरीफुन्निसाचे यजमान गनीभाई कंपनीची बस चालवतात.

"धिस इज अ पेन"ने सुरुवात केली. शरीफुन्निसा शांतपणे म्हणाली, "टीचर, तां दिसतंय की. बोलायचं कशाला?"

मी पेन पर्समध्ये टाकलं.

१८ जानेवारी

"आय ॲम गोइंग" शिकवलं. अर्थ सांगितला — मी जाते. हमीदा तडक उठली. "अशा कशा जातां? चाय ठेवलीय." चहा प्यायले. पुन्हा म्हटलं, "आय ॲम गोइंग." पुन्हा उठली, या वेळी तळलेले बांगडे आले. क्रियापद तिथंच राहिलं. घरी परतताना मनामाच्या बसमध्ये शेजारचा माणूस माझ्या हातांचा वास घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

२५ जानेवारी

हमीदा "कम हिअर"लाही इथलं अरबी यल्ला, म्हणजे 'चला', म्हणते आणि "गो देअर"लाही यल्लाच. शरीफुन्निसा मात्र जीव तोडून पाठ करते. एवढी घाई कसली, विचारलं.

तिला शुगर आहे. गनीभाई तिला दर महिन्याला इस्पितळात नेतात. तिथली गोरी डॉक्टरीण हिला तपासते, जाता जाता गनीभाईंनाही तपासते. मग इंग्रजीत पुष्कळ बोलते. बाहेर आल्यावर गनीभाई सांगतात, "बोलली, सगळं ठीक हाय."

"इतकं लांब बोलून एवढंच कसं ओ टीचर? माझं कायतरी लपवतात हे. मरायची असेन तर मना ठाऊक नको?"



२६ जानेवारी

हे म्हणाले, "नवराबायकोच्या मध्ये पडू नकोस." पडणार.

१ फेब्रुवारी

सराव. हमीदा डॉक्टर, शरीफुन्निसा पेशंट. हमीदाला डॉक्टरकी भलतीच मानवली. जीभ बाहेर काढायला लावली, बिर्याणीवरून हिंदीत झापलं, नाडी धरली आणि मान हलवून म्हणाली, "खलास." शरीफुन्निसाचा चेहराच उतरला. डॉक्टर असं बोलत नाहीत, हे दोघींना समजावण्यात बराच वेळ गेला.

मग प्रश्न घोटून घेतला. "व्हॉट इज राँग विथ मी?" सगळं स्वच्छ म्हणते, पण शेवटी सवयीनं "टीचर" जोडते. "व्हॉट इज राँग विथ मी, टीचर?" एकदा तर मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

गनीभाई तिला न्यायला आले. दारातूनच म्हणाले, "लीनाताई, हिच्या डोक्याला कशाला ताप? बोलायला मी हाय ना." हसून बोलले. भला माणूस. तरी मला राग आलाच.

६ फेब्रुवारी

उद्या शरीफुन्निसा डॉक्टरकडे जाणार. आमटीत मीठ विसरले. ह्यांनी निमूटपणे जेवून घेतलं, म्हणजे माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

८ फेब्रुवारी

गनीभाई औषधं घ्यायला खिडकीवर गेले, तेवढ्यात तिनं डॉक्टरणीला गाठलं. प्रश्न बरोबर विचारला. "टीचर" जोडलं नाही. उत्तर आज माझ्यासमोर जसंच्या तसं म्हणून दाखवलं — "यू आर फाइन. इट इज युअर हजबंड्स हार्ट."

मी अर्थ सांगायला लागले. तिनं हातानंच थांबवलं.

"बसवरून काढतील म्हणून लपवतात, दुसरं काय. तुमी आमच्या ह्यांना एवढं सांगा — शरीफुन्निसाच्या टाळक्यात काय शिरत नाय, वर्ग बंद केला." मग पदर सावरून पुढे सरकून बसली. "आता मना त्यांच्या गोळ्यांवरचं वाचायला शिकवा."