पुढच्या डाव्या दाराची काच

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

मेघा एकोणीसला येतेय. दोन वर्षांनी! सकाळी पोहे खाताना ह्यांना सांगितलं. उत्तर आलं, "फियाटची डावी काच अर्ध्यातच अडकून राहिली."

धन्य आहे. थर्मलमधली, म्हणजे कोराडीच्या वीज केंद्रातली, पक्की नोकरी सोडून पोरगी नाशिकला केकचं दुकान टाकते म्हटल्यावर 'या घरात पाय ठेवू नको' म्हणणारे हेच. स्वतः तेहतीस वर्षं कोराडीला फिटर, त्यामुळे ती नोकरी म्हणजे देऊळच. तेव्हापासून बापलेकीत शब्द नाही. हे बोलतात फक्त गाडीशी.

५ जानेवारी

गाडी अठ्ठ्याहत्तरची. वीस वर्षं कोराडीच्या क्वार्टरबाहेर राख खात उभी होती. नागपुरात बेसाला घर बांधलं तेव्हा तीही आली, टेम्पोत बसून. इंजिन दिवाळीत सुरू झालं. हॉर्न वाजत नाही, मागची सीट फाटलेली, पण आमच्या मार्तंडरावांचा जीव काचेत! तीही एकाच, पुढच्या डाव्या दाराच्या.

"आधी सीट काहून नाही करत?" मी विचारलं.

"आधी काच. तुले नाही समजत वं."

चौतीस वर्षांच्या संसारात मला काय काय समजत नाही, त्याची यादी करायला ही वही पुरणार नाही.

८ जानेवारी

दाराचं आतलं अस्तर काढलं. परातभर राख निघाली. क्वार्टर सुटलं तरी कोराडी सुटत नाही. शहाण्या माणसाने आधी सगळं पुसलं असतं. ह्यांनी वरवर झटकलं आणि काच ज्या खाचेतून सरकते तिच्यात ग्रीस भरलं. मोठ्या बेअरिंगला लावतात तसलं, घट्ट.

"जे अडते त्याले ग्रीस." थर्मलचा वेद!

९ जानेवारी

काच वर गेली. खाली येईना. राख आणि ग्रीस मिळून सिमेंट झालंय. ह्यांनी जोर लावला तर हँडल हातात आलं. मी हसले. हसायला नको होतं. दुपारी जेवले नाहीत.

११ जानेवारी

कोपऱ्यावरच्या नागसेन मेकॅनिकला बोलावलं, मीच. त्याने खाचेत बोट घातलं, वास घेतला आणि अगदी अदबीने म्हणाला, "काकाजी, खाचेत ग्रीस नाही लावत. धूळ धरते. ग्रीस आतल्या मशीनले. खाच कोरडी पाहिजे."

जन्मभर दुसऱ्यांना शिकवणाऱ्या माणसाचं तोंड तेव्हा बघायला हवं होतं. आता सगळं रॉकेलने खरवडायचं, खाचेत नवी मऊ पट्टी बसवायची, वर पावडर. पावडर कुणाची? माझी. अख्खा डबा गेला.

१४ जानेवारी, संक्रांत

हातावर तिळगूळ ठेवला. म्हटलं, "घ्या, आणि लेकीशी गोड बोला. एक फोन करा."

तिळगूळ खाल्ला. म्हणाले, "पट्टी बोटभर आखूड पडून राहिली."

एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.

१६ जानेवारी

मेघाचा फोन. "आई, बाबा काही बोलले का वं?"

"काचेबद्दल भरपूर."

ती हसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याबद्दल नाहीच." तेव्हा मी सांगूनच टाकलं: घरी नको येऊ. स्टेशनवरून थेट मनीषनगरला प्रेमिलामावशीकडे जा, मी तिथे येते. दारात उभं राहून बापाची पाठ बघण्यापेक्षा ते बरं. 'बरं' म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली, त्याचंच वाईट वाटलं.

ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनी कुठे विचारलं?

१८ जानेवारी

काच चालली. एका बोटाने हँडल फिरतं. सकाळपासून पन्नास वेळा तरी खाली-वर केली असेल. बाकीच्या तीन काचा जिथल्या तिथे.

"त्यांनी काय घोडं मारलं?" मी टोमणा मारलाच.

"त्यायची घाई नाही," म्हणाले.

१९ जानेवारी, रविवार

सहाला उठून पाहते तर गाडी पुसलेली, हे इस्त्रीच्या शर्टात फाटकाशी. "स्टेशनवर जाऊन राहिलो. बंद गाडीत मेघाले मळमळते, लहानपणापासून. पुढं बसवतो, काच खाली करून."

सांगावं लागलं. ती इथे येणार नाही, मीच नको म्हटलं. ह्यांनी गाडीचं डावं दार उघडलं, हँडल फिरवून काच पूर्ण खाली केली. मग म्हणाले, "मनीषनगर तं जवळच आहे."

बाहेर इंजिन तापतंय. मी मागे बसेन, फाटक्या सीटवर.