मूळ आल्याशिवाय ओसरी चढणार नाही

कोराडी वसाहत,
पोळ्यानंतरचा शनिवार

सौ. विहीणबाई पंचफुलाबाई यांना कोराडीच्या वच्छलाचा, वरमाईपणा क्षणभर बाजूला ठेवून केलेला, मनापासून नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे (म्हणजे पत्राच्या सुरुवातीला लिहावं लागतं तेवढं आहे, खरं काय ते पुढे वाचा). तुमचा डावा गुडघा कसा आहे? एरंडेल लावता की नुसती बाटली उशाशी ठेवता? व्याहीबुवांना आमच्या ह्यांचा रामराम सांगा. त्यांच्या मागावर नवं लुगडं चढलं असेल तर काठाचा रंग कळवा, मला उगीच उत्सुकता. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर आपल्या दोघींचं बोलणं कुठून कुठे जातं ते आपल्या दोघींच्या नवऱ्यांना ठाऊक आहे. कागदावर मान राहतो.

विहीणबाई, या आठवड्यात मी काय काय केलं ते ऐकाल तर तुमचा गुडघा विसरून उभ्या राहाल! मी एकटी बुटीबोरीला जाऊन आले! मेट्रोत बसून! पण आधीपासून सांगते, नाहीतर तुम्ही मधलंच वाचून तुमच्या लेकीला, धनश्रीला फोन लावाल.

तुम्हाला ‘अंगण’वर कोणी आणलं? मी आणलं. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, इंटरनेटवर अशा गप्पा मारायच्या म्हणजे आपल्याला काय जमायचं. मी कुंकवाच्या करंड्याचा फोटो काढला, खाली चार ओळी मानाच्या लिहिल्या, सुट्टीवर आलेल्या आमच्या भूपेशला मुद्दाम उमरेडला धाडलं, त्याने तुमच्या फोनवर सगळं बसवून दिलं, आणि मग तुम्ही पाऊल टाकलंत. लेकीला सासरहून आणायला जसं मूळ पाठवतात, तसं रीतसर मूळ पाठवलं होतं मी. (हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.)

अंगण म्हणजे माझं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. भूपेश-धनश्री बंगळूरला. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या दारांना कुलपं. हे निवृत्त झाल्यापासून पेपर वाचतात, आणि पेपर संपला की गॅलरीतल्या कपड्यांवर आज वीजकेंद्राची राख किती पडली ते मला सांगतात, जसं काही ते कपडे मला परत धुवायचे नाहीत. मग मी बोलायचं कोणाशी? सकाळी चहा ठेवला की अंगण उघडायचं. कामिनीने बुटीबोरीहून आपल्या खाणावळीची भाजी दाखवायची, नूपुरने नागपूरच्या बर्डीवरून गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या, तुम्ही तुमच्या वडाभाताचा फोटो टाकायचा (त्यात मीठ कमी असतं हे फोटोतही दिसतं), आणि आपण डझनभर बायांनी दिवसभर एकमेकींना धारेवर धरायचं. एकीलाही मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, तुमच्याखेरीज. पण माहेर काय रोज डोळ्यांनी दिसतं?

तर मारबतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या करंज्यांचा फोटो टाकला. कोणी काही बोलेना. एरवी कामिनी ‘वा काकू’ म्हणायला दूध उतू जाण्याचीही वाट पाहत नाही. मला वाटलं नेट गेलं. ह्यांना गॅलरीत फोन घेऊन उभं केलं, टेबलावर चढवलं, फोन बंद करून चालू केला. मग कामिनीच्या नावावर बोट ठेवलं, तर खाली लिहून आलं, ‘हे सदस्य आता येथे नाहीत.’ नूपुर? नाही. तुम्ही? नाही! साऱ्याजणी नाहीत! मी मोठ्याने रडायला लागले. हे पेपर टाकून धावत आले.

"अवं, साऱ्या बाया एकाच दिवशी कायले मरतील वं?" हे म्हणाले. "अन् मेल्या असत्या तर पेपरात आलं असतं."

हे खरं होतं. मग ह्यांनी चष्मा लावून माझा आदल्या दिवसाचा मजकूर वाचला आणि त्यांचा चेहराच बदलला. मारबतीच्या दिवशी त्या पुतळ्यामागे आपण साऱ्या नागपूरभर ओरडतोच ना, रोगराई घेऊन जा, इडापिडा घेऊन जा म्हणून? मीही हौसेने लिहिलं होतं: ‘कंबरदुखी, मच्छर, महागाई, गॅसवरच्या मुंग्या, घेऊन जा गे मारबत!’ आणि साऱ्याजणींनी वाचावं म्हणून प्रत्येकीचं नाव जोडलं होतं. त्या अंगणाने काय करावं? सगळी नावं मुंग्यांच्या आणि मारबतीच्या मध्ये नेऊन बसवली! कंबरदुखी, मच्छर, महागाई, मुंग्या, कामिनी, नूपुर, पंचफुला उमरेड, घेऊन जा गे मारबत.

"हे पाय," हे म्हणाले, "तूच त्याहिले मारबतीच्या हवाली करून राहिली."

लोक मारबत जाळून मोकळे होतात, मी माझ्या मैत्रिणी जाळून बसले होते. दिवसभर अन्न गोड लागलं नाही. पण रडत बसणाऱ्यांपैकी मी नाही हे तुम्ही लग्नात पाहिलंच आहे. रुसलेल्या माणसाला घरी जाऊन आणायचं, ही आपली रीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पिशवीत नारळ, खण, तांदूळ आणि करंज्यांचा डबा घेतला आणि निघाले. हे म्हणत होते, पत्ता काय? मी म्हटलं, कारखान्याच्या गेटासमोरची खाणावळ आणि निळी टाकी. हे म्हणाले, बुटीबोरीत गेटं किती आहेत माहीत आहे का? मी ऐकलं नाही. बसने बर्डी, तिथून मेट्रोने खापरी (काय थंडगार गाडी आहे हो, शाल न्यायला हवी होती), पुढे ऑटो. निळ्या टाक्या बघता बघता मान आखडली, पण सापडली!

कामिनीच्या फोटोत गुलाबाचं फूल असायचं, म्हणून माझ्या डोळ्यांपुढे नाजूक पोर होती. समोर पाहते तर चांगली धिप्पाड बाई, कमरेला पदर खोचून, पन्नास कामगारांना वाढत होती. जेवणाच्या सुट्टीची वेळ. मी सरळ पुढे झाले, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओटी भरायला लागले. कामगार हातातला घास हातात ठेवून बघताहेत.

"बाई, कोणत्या पार्टीकडून आल्या?" कामिनी म्हणाली. "इलेक्शन लागलं काय?"

मी म्हटलं, मी वच्छला, कोराडीची, मारबतीचं मनावर घेऊ नको. तिने वरणाची बादली खाली आपटली आणि "अवं माय, कोराडीवाल्या काकू!" म्हणत मला अशी मिठी मारली की डब्यातल्या करंज्यांचा चुरा झाला. पन्नास माणसांपुढे आम्ही दोघी रडलो. मग मी विचारलं, रुसलीस का?

"काहून रुसू काकू? मारबत वाचून तर मी हसून हसून लोळली. त्या अंगणात नुसत्या जाहिरातीच येऊन राहिल्या होत्या, म्हून आम्ही साऱ्याजणी ‘ओसरी’वर गेलो. तिकडं जाहिरात नाही. तुमाले सांगाचं काम तुमच्या इनबाईनं घेतलं होतं. त्याहिनं सांगितलं नाही?"

नाही, विहीणबाई. त्याहिनं सांगितलं नाही.

चुरा झालेल्या करंज्या मी तिथेच कामगारांना वाटल्या आणि परत निघाले. बर्डीवर उतरून नूपुरच्या मोबाइलच्या कव्हरांच्या टपरीवर गेले. तीही गळ्यात पडली आणि म्हणाली, "द्या काकू फोन, एका मिनिटात ओसरीवर बसवून देते." मी नाही म्हटलं. मान ताठ ठेवून म्हटलं. मी काय वाटेवरची आहे, दार उघडं दिसलं म्हणून शिरायला? ज्या विहिणीला मी वाजतगाजत अंगणात आणलं, तिने मला न सांगता अंगण सोडावं? घरातून निघताना शत्रूलाही आपण ‘येतो’ म्हणतो. उमरेडला ही पद्धत नसेल तर तसं लग्नाच्या याद्या करतानाच सांगायला हवं होतं. बाकी त्या यादीत सांगायच्या राहिलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण तो विषय मी काढत नाही.

मला राग आला आहे हे तर तुमच्या लक्षात आलंच असेल. पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. चहा ठेवला की हात आपोआप फोनकडे जातो आणि मग आठवतं की तिकडे कोणी नाही. तेव्हा एवढंच लिहिते, की मूळ आल्याशिवाय मी ओसरी चढणार नाही, ही काळ्या दगडावरची रेघ. लोभ आहेच, तो वाढवायचा की आटवायचा ते तुम्ही ठरवा.

आपली (अजून तरी) विहीण,
वच्छला

ता. क. खोटं कशाला बोला, कागदालाही लाज असते. नूपुरला नाही म्हटलं ते पहिल्यांदा. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मी ओसरीवर बसले आहे, पण माझ्या नावाने नाही. ‘एक हितचिंतक’ म्हणून जी बाई तुमच्या प्रत्येक फोटोला अंगठा दाखवते, ती मीच. बोलत मात्र एक अक्षर नाही, मूळ नाही ना! तुमच्या कालच्या वडाभातावर पुन्हा मीठ कमी होतं, आणि ते सांगता न आल्यामुळे मला रात्रभर झोप नाही.

आणखी ता. क. पाकिटाला डिंक लावतच होते, सवयीने ओसरी उघडली, तर आत्ता आत्ता तुम्ही लिहिलेलं वाचलं: ‘वच्छलाबाई वरमाय आहेत. त्याहिले नुसता मेसेज कसा धाडू? कुंकू घेऊन सोता कोराडीले जाईन मनते, पण गुडघा चालू देईना. त्याहिच्याबिगर इथं मले करमून नाही राहिलं.’ विहीणबाई, मी पुन्हा रडले. हे पुन्हा पेपर टाकून आले. तुम्ही तो गुडघा हलवू नका. उद्या सकाळच्या बसने आम्हीच उमरेडला येतो. तुमच्या उंबऱ्यात मला कुंकू लावा आणि ओसरीवर घ्यायचं ते बटण तुमच्याच हाताने दाबा, की झालं मूळ. वडाभात करा. मीठ मी घालीन.

शेवटचं. हे पत्र ह्यांनी ‘बंद कर आता’ म्हणत हातातून ओढून पेटीत टाकायच्या आत घाईने लिहिते आहे. म्हणजे आम्ही आधी पोचणार आणि पत्र मागून येणार. पोस्टमन आला की न फोडता माझ्या हातात द्या. वरच्या पानांवर उमरेडबद्दल दोन-चार शब्द जरा वाकडे पडले आहेत.