फ्रीज माझ्या ताब्यात

सोमवार, ३ मार्च
ही सकाळी बहिणीकडे गेली. मेहुणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. शुक्रवारी परत. शनिवारी हिची पहिली मोठी ऑर्डर : कुणाच्या तरी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा तीन मजली केक. क्रीमची सोय केलीय म्हणाली. म्हणजे फ्रीजरमधला तो मोठा पांढरा डबा असणार.

निघताना दारातून पुन्हा पुन्हा बजावलं, जेवण काढण्यापलीकडे फ्रीजला हात लावू नका. याचा अर्थ फ्रीजची अवस्था तिलाही खटकते, पण मला सांगायला भीड वाटते.

रिटायर झाल्यापासून या घरात माझ्याकडे एकही खातं नाही. मी घडी घातलेले कपडे पुन्हा घडी घातले जातात. बोलत नाही, पण लागतं. आता फ्रीज माझा. शुक्रवारी ही दार उघडेल आणि बघतच राहील.

मंगळवार, ४ मार्च. सकाळी
फ्रीज पुढे ओढून आधी मागचा स्विच बंद केला. नवशिके इथेच चुकतात. सगळं सामान टेबलावर काढलं. बर्फ सुरीने खरवडला तर आतल्या नळीला भोक पडतं, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून चमचा घेतला. चमचा वाकला. दुसरा घेतला.

दुपारी
गरम पाण्याचं पातेलं आत ठेवल्यावर बर्फ धाडकन खाली आला. स्वयंपाकघरात तळं. पुसायला जवळचा टॉवेल घेतला, तो हिचा निघाला. दाराचं रबर सोड्याच्या पाण्याने एका जुन्या टूथब्रशने घासलं.

संध्याकाळी
ब्रश जुना नव्हता. माझाच होता.

असो. सामान आत लावलं, फ्रीज मागे ढकलून भिंतीला चिकटवला. आणि काय आश्चर्य! घरघर बंद. वर्षानुवर्षं ही म्हणायची, मेकॅनिक बोलवा. एका सफाईत आवाज गायब. आपला हात जगन्नाथ.

बुधवार, ५ मार्च
आतला दिवा लागत नाही. हरकत नाही, फ्रीजमध्ये बसून कुणी वाचत नाही.

पाणी जेमतेम गार. नव्याने सुरू झालेल्या यंत्राला रुळायला वेळ लागतो. मलाही रिटायर झाल्यावर लागला. बटण शेवटच्या आकड्यावर फिरवलं. वारंवार दार उघडल्याने गारवा जातो, म्हणून हँडलला सुतळी बांधली. जेवणाला बिस्किटं.

हिचा फोन आला. जेवलात का, विचारलं. जेवलो म्हटलं. फ्रीजचं विचारलं, तर कुठला फ्रीज, असं म्हणून गेलो. आणखी चांगलं उत्तर सुचायला हवं होतं.

गुरुवार, ६ मार्च
घरात वास येतोय. बहुतेक बिल्डिंगचं ड्रेनेज. शेजारच्या वहिनींना तसं सांगितलं. त्या आमच्या दारात येऊन नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, भावोजी, ड्रेनेज तुमच्या स्वयंपाकघरात आहे का? सुतळी पाहून त्यांनी आणखी काही विचारलं नाही. बायकांना संशोधनात रस नसतो.

फ्रीजखालून पाण्याचा ओघळ. फ्रीज आता आपोआप साफ होतोय, असं मनाला समजावलं.

बसलो की उठतो. उठलो की फ्रीजपाशी जातो. सुतळीला हात लावतो, परत येतो. सहा महिने ही पीठ चाळत, फसलेले केक मला खायला घालत शिकली. क्रीम गेलं तर तिची ऑर्डर गेली. उघडायला हवं. पण शिस्त म्हणजे शिस्त. खरं सांगायचं तर भीती वाटते.

शुक्रवार, ७ मार्च
ही दुपारीच आली. बॅग खाली ठेवायच्या आत सुतळी कापली, दार उघडलं, लावलं. मग फ्रीज पुढे ओढून मागे हात घातला. खट्. घरघर सुरू झाली.

म्हणजे फ्रीज बिघडलेलाच नव्हता. याची नोंद कुणी घेतली नाही.

पांढऱ्या डब्यात माझ्यासाठी करून ठेवलेली चार दिवसांची भाजी होती. ती मी नाक दाबून टाकून आलो. क्रीमबद्दल विचारायचा धीर होईना. शेवटी विचारलं.

तेवढ्यात वहिनीच क्रीमचे डबे घेऊन आल्या. ही रविवारीच त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवून आली होती. मी म्हटलं, मला सांगायचंस तरी. वहिनी म्हणाल्या, तुम्ही घरीच असता ना भावोजी, म्हणून.

केक वाचला. बरं वाटलं, खरंच. पण बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.

उद्या केक पूर्ण होईपर्यंत मी वहिनींकडे बसायचं आहे. दोघींनी परस्पर ठरवलं. सकाळी आठला सोडायला ही स्वतः येणार आहे.