बर्फाच्या पेटीतलं इन्सुलिन

मोठ्या सिस्टर, आज वरोरच्या मावशींची जखम भरली. पूर्ण भरली. सकाळी पट्टी सोडली तर खाली गुलाबी कातडं, आणि मी बोटाने दाबून बघते, पुन्हा दाबते, ओल नाही, वास नाही, काहीच नाही. मावशी म्हणतात, "किती दाबशील गो, परत फुटेल ना." तेव्हापासून ही गोष्ट माझ्या पोटात राहत नाहीये. ओपीडीत सांगून झालं, शेजारी सांगून झालं, नवरा तर म्हणाला, "कळलं, जखम भरली, आता जेवायला वाढ." शुगरवाल्याच्या तळव्याची जखम भरते म्हणजे काय, हे कळणारं माणूस तुमच्याशिवाय आठवेना. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी लिहायला बसले.

मावशी म्हणजे डहाणूच्या बाजारात मासळीची पाटी लावणाऱ्या. साठीच्या, जिभेने तिखट, गिऱ्हाइकाला मराठी-गुजराती दोन्हींत गार करतील. पावलं बधिर झालेली, त्यामुळे शिंगाळा माशाचा काटा तळव्यात मोडला तो कळलाच नाही. चपलेला रक्त लागलं तेव्हा सुनेने पाहिलं. आमच्याकडे आल्या तोवर आत पू झालेला. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं आणि स्पष्ट सांगितलं की साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल, त्याने भागलं नाही तर पाऊल. मावशी म्हणाल्या, "पाऊल काढाल तर पाटी घेऊन उभी कशी राहू? बसवून खायला कोण घालणार मला?" त्यांचा नवरा नाही, मुलगा बोटीवर, घर चालतं ते ह्यांच्या पाटीवर. मी रोज ड्रेसिंग करायची. साखर मात्र उतरायचं नाव घेईना. डॉक्टरांनी डोस वाढवला, पुन्हा वाढवला, तरी तेच. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक. एका सोमवारी भरल्या ओपीडीत मी म्हणाले, "मावशी, गावच्या जत्रेत काय काय हाणलंत ते तरी सांगा." रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. मावशींनी माझा उद्धार करायला हवा होता. त्या खाली बघून नुसतं "हो" म्हणाल्या.

त्या "हो"ने मला वेवजीच्या आजोबांची आठवण झाली. मी नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. आजोबांना मी दर खेपेला बजावायची, दोन वाट्या भात, त्याच्यावर शीत नको. ते मान हलवायचे, आणि साखर आपली चढलेलीच. मी एकदा खोटारडे म्हणाले त्यांना. तुम्ही ऐकलंत आणि दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये घालून तलासरीमार्गे थेट वेवजीला त्यांच्या घरी नेलंत. आजोबा नुकतेच शेतावरून आलेले, सून जेवायला वाढते आहे. तुम्ही म्हणता, "ह्यांची वाटी बघू." ती आणते ती वाटी कसली, चार माणसांची आमटी मावेल असा वाडगा. आजोबा मोजून दोन खात होते. माझा शब्द त्यांनी तसूभरही मोडला नव्हता. तुम्ही चुलीशी बसून नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मजेत खाल्लात. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र म्हणालात, "तुझं तोंड चालतं, पाय चालत नाहीत. तू सांगितलेलं त्यांच्या घरी जाऊन काय झालं ते बघितल्याशिवाय माणसाला खोटं म्हणायचं नाही." मी डहाणूपर्यंत रडले. निवृत्त झालात त्या दिवशी तुमच्या पर्समधली ती स्टीलची छोटी वाटी, रुग्णांना माप दाखवायची, माझ्या हातात ठेवलीत. अजून माझ्या पिशवीत असते, तळ जरा चेपलाय.

तर ती वाटी घेऊन मी वरोरला गेले. दारात बोंबील वाळत घातलेले, मावशी पाय वर करून खाटेवर बसलेल्या. मला बघून उठायला लागल्या, मी दटावून बसवलं आणि सुनेला म्हटलं, ह्यांचं जेवण दाखव. तिने भात वाढला तो माझ्या वाटीत निम्मासुद्धा भरेना. सून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही बोललात त्या दिवसापासून ह्या अशाच खातात. चहापण कोरा, बिनसाखरेचा." मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. म्हटलं, मग साखर चढते कशी? इन्सुलिन कुठे ठेवता? मावशींचा चेहरा खुलला. मोठ्या मानाने त्यांनी कोपऱ्यातली थर्माकोलची पेटी उघडायला लावली. लादीचा फोडलेला बर्फ, त्याच्यावर गारवा वाढावा म्हणून खडे मीठ, मध्ये चार पापलेटं, आणि पापलेटांच्या खाली पिशवीत गुंडाळलेली माझी बाटली. "घरात ह्याच्याहून थंड जागा नाही," म्हणाल्या. मी बाटली काढली, तुम्ही शिकवलंत तशी दोन्ही तळव्यांत फिरवली. दुधासारखं एकजीव व्हायला हवं ते होईना, पांढरे कण तळाशी तसेच. गोठून वितळलेलं. मी म्हटलं, "मावशी, हे औषध मेलंय." "म्हणजे इतके दिवस मी पाणी टोचून घेतलं?"

पण मोठ्या सिस्टर, कारण सापडल्याचा आनंद काय असतो. मी त्याच अंगणातून डॉक्टरांना फोन केला. चांगलं औषध वाढीव डोसने दिलं तर साखर एकदम खाली येऊन चक्कर येईल, म्हणून त्यांनी डोस आधी उतरवला. नवी बाटली आणली. मावशींच्या घरात फ्रिज नाही, पण मडकी आहेत. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, छोट्यात डबी, डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. मावशी किनाऱ्यावरच्या, वाळूला काय तोटा. चौथ्या दिवशी साखर हलली. पुढच्या आठवड्यात उतरली. जखमेत नवं लालबुंद मांस धरायला लागलं आणि मी ड्रेसिंग करता करता शीळ घालायला लागले. आता आशागडपर्यंतच्या बायका मडकं कसं करायचं ते विचारायला येतात.

आज मावशींनी दोन्ही पायांवर उभं राहून रांगेतल्या बायकांना सांगितलं, "ही सिस्टर माझ्या दारात आली म्हणून पाय राहिला." मला ओल्या बोंबलांची पिशवी दिली. दवाखान्याच्या मागच्या मीटिंगमध्येही मोठ्या साहेबांनी मला उभं करून ही हकिगत सांगायला लावली होती. मी सांगितलं, रुग्णाने इन्सुलिन बर्फात ठेवलं होतं. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मावशींना बर्फात ठेवायला कुणी सांगितलं, हे कुणी विचारलं नाही.

मी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी, गर्दीत, बाटली देताना. मावशी म्हणाल्या, घरी फ्रिज नाही. मी मान वर न करता म्हणाले, "मासेवाल्या ना तुम्ही? बर्फ असेल की. ठेवा त्यात." आणि त्यांनी माझा शब्द पाळला, वेवजीच्या आजोबांसारखाच. मावशी हे विसरल्यात की मुद्दाम बोलत नाहीत, मला माहीत नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मला काय सांगतेस, वरोरला जाऊन सांग. म्हणून हे कागद तुमच्या वाटीखाली घडी करून ठेवते आणि उद्या सकाळच्या पहिल्या बसने जाते. पाया पडेन, ओपीडीतल्या बायकांपुढेही सांगेन. फक्त एक झालंय. मावशींनी दिलेले बोंबील त्यांना सांगून झाल्यावरच करायचे असं ठरवलं होतं, पण दुपारी राहवलं नाही, मी ते तळून खाल्ले.