रडका चेहरा मागे घेऊ देणेबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
एक खिडकी नागरिक सेवा केंद्र, नागपूर

विषय : मी दाबलेला रडका चेहरा रद्द करून मिळणेबाबत.
संदर्भ : टोकन क्र. ४७, खिडकी क्र. ३

महोदय,

१) मी खाली सही करणार, वय ६४, अर्ज करते की, गेल्या महिन्यात पतीच्या मृत्यूचा दाखला घेण्यास आपल्या केंद्रात आले होते. खिडकी तीनवरील कु. सोनिका मेश्राम यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि दहा मिनिटांत दाखला हातात ठेवला. सरकारी काम इतके चटकन होते यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

२) दाराशी आपण नवीन यंत्र बसवले आहे. 'आपल्याला कसे वाटले?' असे ते विचारते आणि खाली एक हसरा व एक रडका चेहरा दाखवते. मी हसऱ्याकडे बोट नेले, तोच सोबतच्या नणंद यमुताई भर रांगेत म्हणाल्या, "माह्या भावाचा दाखला घेऊन हसून राहिली का वं वैनी?" मागे पंधरा माणसे उभी होती. मी रडका दाबला. खोटे कशाला सांगू, वाटतही तसेच होते.

३) मागील आठवड्यात नातीच्या जन्मदाखल्यासाठी खिडकी दोनवर आले, तेव्हा कळले की त्या एका चेहऱ्यापायी कु. सोनिका यांना नोटीस निघाली असून खुलासा न पटल्यास त्यांची वेतनवाढ थांबणार आहे. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

४) मी तिथल्या तिथे हसरा चेहरा सहा वेळा दाबला. पहारेकरी म्हणाला, "काकू, एका टोकनवर एकच चेहरा भेटते." तो एकही खिडकी दोनच्या नावे लागला, जिने मला अडीच तास ताटकळत ठेवले होते. तेथील साहेबांचे नाव आता 'सेवारत्न' फलकावर झळकते आहे.

५) खिडकी तीनचे टोकन फक्त मृत्यूच्या दाखल्यासाठी मिळते. आमच्याकडे सध्या कोणी तयार नाही. थोरले दीर दादाजी, वय ८१, यांच्याकडे विषय काढून पाहिला. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

६) नोटिशीत 'नागरिक असमाधानी असण्याचे कारण' विचारले आहे. ते त्या पोरीला कुठून ठाऊक असणार? मीच लिहून देते : त्रेचाळीस वर्षांचा संसार होता. यात खिडकी तीनची काहीही चूक नाही.

करिता नोटीस मागे घ्यावी, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र नागरिक,
('सौ.' खोडून) श्रीमती प्रेमिला मधुसूदन वैरागडे
कळमना, नागपूर
दि. १६ जून २०२५

सोबत :
१) पतीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) हसरा चेहरा, नग एक, स्वहस्ते काढलेला, खिडकी तीनच्या नावे.