‘पुरे’ म्हणणारं प्रथिन

आदरणीय ताई,

नमस्कार. राग उतरला असेल तर हे पत्र बसून वाचा, उतरला नसेल तर उभ्याने वाचा, पण फाडू नका. गुडघा कसा आहे? तुमच्या मैत्रिणीच्या घराला जिने फार आहेत असं ऐकलं, सावकाश चढत जा. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. अगदी मजेत आहोत. (दोनदा लिहिलं म्हणून लगेच शंका घेऊ नका.) तुम्ही फोन घेत नाही म्हणून कागदावर उतरले. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईने घंटा वाजत असताना फोनकडे नुसतं बघत बसावं, हे तुमच्या भावाला फार लागलंय. तुम्ही घर सोडून गेलात त्यापेक्षाही जास्त, असं तो म्हणतो. पण तो काहीही म्हणतो, हे तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

आता त्या दिवसाबद्दल. आमच्या प्रयोगशाळेने सर्वसामान्य लोकांना आत बोलवायचं ठरवलं आणि साहेबांनी भाषण माझ्या गळ्यात मारलं. माझं काम तुम्ही पाहिलंय. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बर्फावर ठेवायच्या, त्यांना चमकणारा रंग लावायचा, मशीनमधून एकेक करून सोडायच्या आणि पडद्यावर उमटणारे ठिपके बघत बसायचं. (एवढे ठिपके तर आपल्या मोरीच्या भिंतीला ओल आली की फुकट दिसतात, हे तुमचं मत मी साहेबांना कळवलं होतं. ते हसले नाहीत.) या पेशींच्या अंगावर बाहेरच्या बाजूला एक प्रथिन असतं आणि माझी बरीचशी नोकरी त्याच्याच मागे गेली आहे. पेशी जंतूंशी लढतात, ते ठीक. पण लढाई संपत आली की हे प्रथिन पेशीच्या आत निरोप धाडतं, की आता आवरा. तो निरोप गेला नाही तर जंतू संपले तरी पेशी थांबत नाहीत, मग स्वतःच्याच सांध्यांवर आणि कातडीवर तुटून पडतात. एवढं सांगेपर्यंत दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांची मान छातीवर आली होती. मी घाबरले आणि चित्रं बाजूला ठेवून तुमच्याबद्दल सांगायला लागले.

की आमच्या घरी एक ताई आहेत. आम्ही भांडायला लागलो की त्या आधी काही बोलत नाहीत, भांडू देतात. मग स्वयंपाकघराच्या दारात येतात, हात पदराला पुसतात आणि एकदाच म्हणतात, “पुरे.” की सगळे गप्प. जशी पूर्वी त्या कुणाची लांबलेली लाइन कापत असतील तशी. ते प्रथिन म्हणजे आमच्या ताई. लोक खूश झाले, आजोबा जागे झाले, तुम्हीसुद्धा तिसऱ्या रांगेत शाल सारखी केलीत आणि आजूबाजूला पाहिलंत. (मी पाहिलं. नाही म्हणू नका.) तिथेच मी थांबायला हवं होतं. पण एका टाय लावलेल्या गृहस्थांनी विचारलं, मग कॅन्सरमध्ये याच प्रथिनावर औषध देतात ते कशाला? मी भाषणाच्या भरात. म्हटलं, काही कॅन्सर लबाड असतात, ते हे प्रथिन बटणासारखं दाबून धरतात, मग लढणाऱ्या पेशी हात बांधून उभ्या राहतात, “अशा वेळी आमच्या ताईंचं तोंड बंद करावं लागतं.”

सगळं सभागृह हसलं. तिसऱ्या रांगेतली शाल हसली नाही.

घरी आल्यावर बॅग भरताना तुम्ही एवढंच म्हणालात, “माझं तोंड बंद करायचं औषध निघालंय, आणि ते मला लोकांच्या बरोबरीने कळतंय होय गं?” मी खुलासा करायला तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, “पुरे.” आणि मी गप्प बसले, कारण माझ्यात ती सोय आहे.

त्यानंतरचं ऐका. कन्येने ओला टॉवेल आईंच्या खुर्चीवर टाकला. बस, एवढंच. आई म्हणाल्या, आमच्या वेळी टॉवेलला जागा होती. कन्या म्हणाली, तुमच्या वेळी टॉवेल तरी होते का? तुमच्या भावाने मुलीची बाजू घेतली, मी आईंची घेतली (मला आईंचं पटलं होतं असं नाही, पण तो मुलीची घेतो हे मला पटत नाही), मग टॉवेल मागे पडला आणि मी लग्नानंतर कुठली कपाटं कुठे हलवली ते निघालं. तुमच्या धाकट्या बहिणीला फोन करून साक्षीला घेतलं. तिने सगळ्यांच्या विरुद्ध साक्ष दिली. बोटात कुसळ शिरावं आणि सुजून हात खांद्यापर्यंत जावा, तसं झालं. शेवटी तर कोण कुणाच्या बाजूने हेही राहिलं नाही. आई मला सोडून स्वतःच्याच लेकाला म्हणाल्या, “तू लहानपणीसुद्धा असाच होतास,” आणि ते बिचारं पन्नाशीचं पोर रुसून गच्चीत जाऊन बसलं. मी रोज मशीनच्या पडद्यावर बघते ते माझ्या दिवाणखान्यात चाललं होतं, फक्त रंग लावायचा बाकी होता.

मग मी काय केलं, तर उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले, हात ओढणीला पुसले आणि तुमच्या आवाजात म्हटलं, “पुरे!” आई म्हणाल्या, “तू कोण पुरे म्हणणारी? सुरुवात तूच केलीस.” कन्या म्हणाली, “आई, प्लीज, आत्याची नक्कल नको.” गच्चीतून आवाज आला, “जमत नाहीये तुला!” या एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

मी दारातच उभी राहिले. ताई, तेव्हा मला कळलं की मी एवढ्या लोकांसमोर चुकीचं उदाहरण दिलं होतं. ते प्रथिन थांबवणाऱ्याच्या अंगावर नसतंच मुळी. ते भांडणाऱ्या पेशीच्या अंगावर असतं, आणि त्याला येऊन हात लावतो तो दुसराच कुणीतरी. तो हात लागला तरच आतमध्ये निरोप जातो. म्हणजे ते प्रथिन तुम्ही नाही. ते आमच्याकडे आहे, आईंकडे, तुमच्या भावाकडे, कन्येकडे, माझ्याकडे. आम्ही प्रत्येकाने अंगावर एक जागा राखून ठेवली आहे आणि ती फक्त तुमच्या हाताला ओळखते. मी त्याच भांडणातली एक, माझ्या हाताने काय होणार? आणि ते औषध तुमच्या तोंडाला लावायचं नाहीच, ते आमच्या कानात बोळ्यासारखं घालायचं. तेसुद्धा आजार तसा असेल तर. आम्हाला तो आजार नाही. आमच्याकडे फक्त तुम्ही नाही आहात.

तेव्हा शांतपणे, तुमच्या सवडीने या. घाई अजिबात नाही. आम्ही मजेत आहोत, हे वर आलंच आहे.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. – रविवारी आलात तर बरं. तुमचा भाऊ गाडी घेऊन निघायला तयार आहे, फक्त आई आणि तो एकमेकांशी बोलत नसल्यामुळे गाडीची किल्ली कुठे आहे ते त्याला कळत नाही.

ता. क. २ – आईंनी हे माझ्या खांद्यावरून वाचलं. त्यांचं म्हणणं, तिला सांग, मी ये म्हटलं नाही, पण तिची उशी उन्हात घातली आहे.

ता. क. ३ – साहेबांनी मला पुन्हा भाषण करायला सांगितलं आहे, आता दुरुस्त उदाहरणासह. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं आणि मी वाहवत गेले की तुम्हाला काय म्हणायचं ते ठाऊकच आहे. या पत्रातही मधे कुठेतरी कुणीतरी ते म्हणायला हवं होतं. कुणी नव्हतं, म्हणून एवढं लांबलं.