नोंदवहीतला तेओफिल

प्रिय आई,

सुखरूप पोचलो. तुझे मोजे उबदार आहेत.

आपल्या जुन्या गावच्या चर्चच्या नोंदवहीत आपले पूर्ण फ्रेंच आडनाव सापडले: गान्ये, आणि त्याला जोडलेले पणजोबांचे पलटणीतले नाव, बेलाव्हांस. आपले लोक तिकडे परदेशी गिरणीत कामाला गेले तेव्हा इंग्रज मुकादमाने ते छाटून आखूड केले होते. मी पुन्हा लावणार.

पुढच्याच पानावर माझे नाव होते. तेओफिल, वय तीन, दफन.

पाद्री हसले. "घाबरतोस काय, पोरा? तो तुझा थोरला भाऊ. गेलेल्याचं नाव पुढच्याला द्यायचं, ही आपली रीतच."

आपली नावे मरत नाहीत, असे मी आपल्या फ्रेंच मंडळींच्या सभांत गर्जतो. आज त्याच वाक्याने अंगावर काटा आला.

गुडघा कसा आहे?

आई, लहानपणी मी जेवायला पहिल्या हाकेलाच यायचो. तरी तू पुन्हा दाराशी जाऊन कोणाला हाक मारायचीस?

तुझा धाकटा,
तेओफिल